दीर्घता आणि दोल्गोता

'रशियन भाषा संस्कृतातूनच निघाली' हा मेसेज आमच्या गोतावळ्यात अधूनमधून फिरत असतो. सोबत शब्दांच्या जोड्या असतात. जोड्या बऱ्याचदा खऱ्या असतात, निष्कर्ष मात्र घाईचा.

अशा वेळी शब्दाच्या शेपटाकडे, म्हणजे प्रत्ययाकडे बघावे. (व्याकरण शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे मला तेच आधी दिसते!) रशियन, पोलिश, चेक, सर्बियन या भाषांची जी एक आजी, तिला आद्य-स्लाव्ह म्हणतात. तिचे लिहिलेले एक अक्षरही नाही. सिरिल आणि मेथोडियस हे बंधू इ.स. 863 च्या सुमारास मोराव्हियात गेले, त्यांच्या कामापासून स्लाव्ह लेखन सुरू झाले. त्याआधीचे सगळे नातींच्या बोलण्यावरून जुळवायचे. असा जुळवलेला शब्द असला की पंडित त्याच्या आधी तारका काढतात.

या आजीकडे भाववाचक नामे करायला जे प्रत्यय होते, त्यांतले दोन बघू: 'ओता' आणि 'ओस्ति'. 'लांब' अर्थाच्या शब्दाला पहिला लागून रशियनमध्ये दोल्गोता झाले. भूगोलात ते रेखांशाला वापरतात. ही आपल्या दीर्घतेची सख्खी बहीण. मूळ तेच, 'ता'ही तोच. इथवर मेसेजवाले खूश.

पण त्याच शब्दाला दुसरा प्रत्यय लागून पोलिशमध्ये द्वुगोश्च झाले, अर्थ लांबी. आता हा 'ओस्ति' कुठला? संस्कृतात दीर्घता होते, दीर्घत्व होते, द्राघिमाही होतो. 'ओस्ति'सारखे काही होत नाही. त्याची जोडी निघाली थेट तुर्कस्तानात, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या हित्ती मातीच्या पाट्यांवर. शब्द दलुगस्ति, अर्थ पुन्हा लांबीच! गंमत म्हणजे 1915 मध्ये हित्ती भाषा उलगडणारे बेड्रिख ह्रोझनी हे चेक. त्यांच्या मातृभाषेत हा प्रत्यय रोजच्या वापरातला.

आणखी एक. हित्तीत 'ल', स्लाव्हमध्ये 'ल', ग्रीक दोलिखोसमध्येही 'ल'. 'र' आहे तो आपल्या आणि इराणी शाखेत. स्लाव्ह शब्द संस्कृतातून गेला असता तर 'र' घेऊन गेला असता. तेव्हा संस्कृत ही त्या आजीची आई नव्हे, तिच्याच कुळातली दुसरी लेक.

जाता जाता, रशियनमध्ये शिक्षकाला उचीतेल म्हणतात. त्यातला 'तेल' आणि आपल्या दाता-नेतामधला 'तृ' यांचे नाते नेमके कसे लावायचे, यावर पंडितांचे अजून एकमत नाही.