'जिगावॅट' म्हणजे नेमके काय?

रॉबर्ट झेमेकिस दिग्दर्शित 'बॅक टू द फ्युचर' (१९८५) या कालप्रवासावरील चित्रपटातील एका संवादाने अनेक प्रेक्षकांना बुचकळ्यात टाकले आहे. १९८५ मधून १९५५ मध्ये जाऊन पडलेला मार्टी आपल्याजवळची चित्रफीत डॉक ब्राउन यांना दाखवितो. तीत तीस वर्षांनी वृद्ध झालेले डॉक स्वतःच सांगत असतात, की या मोटारीस १.२१ 'जिगावॅट' वीज लागते. तो आकडा ऐकून तरुण डॉक हादरतात. हे जिगावॅट आहे तरी काय, हा मार्टीचा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो.

कोडे प्रथम उच्चाराचे आहे. हा शब्द म्हणजे आपला गिगावॅटच. ग्रीक भाषेतील 'महाकाय' या अर्थाच्या शब्दावरून आलेल्या या उपसर्गाचा 'जिगा' हा उच्चारही इंग्रजीत मान्य होता. सहलेखक बॉब गेल यांनी तो तसाच ऐकला आणि पटकथेत तसाच लिहिला.

आता आकडा. १.२१ गिगावॅट म्हणजे १,२१० मेगावॅट. कोयना प्रकल्पाची एकूण स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. तिच्या सहा दशांशाहून थोडी अधिक. (कोयनेचे एक वीजगृह चिपळूण तालुक्यातील पोफळीजवळ आहे. उमरखेड तालुक्यातील साखर कारखान्याची पोफाळी ती वेगळी.) पैनगंगेच्या काठच्या शेतकऱ्याला हे मोजमाप पंपात सांगावे. पाच अश्वशक्तीचा पंप सुमारे ३.७३ किलोवॅटचा धरला, तर एवढ्या विजेवर सव्वातीन लाखांच्या आसपास पंप एकाच वेळी चालतील.

तथापि वॅट हे विजेच्या साठ्याचे माप नव्हे, वेगाचे आहे. साठा युनिटमध्ये मोजतात. मीटर नसलेल्या कृषिपंपाचे बिल अश्वशक्तीवर आकारले जाते. पंप किती तास चालला, याचा त्यात हिशेब नसतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मोफत वीज योजनेची मर्यादाही साडेसात अश्वशक्तीची, म्हणजे वेगाचीच आहे. आठ तासांचा पुरवठा आणि दोन तासांचा पुरवठा या मापात सारखेच दिसतात, ही गोष्ट शेतकऱ्याच्या दृष्टीने क्षुल्लक नाही.

डॉकच्या संवादाचा उलगडाही याच भेदात आहे. एवढी शक्ती केवळ आकाशातील वीजच देऊ शकेल, असे ते पुढे सांगतात. विजेच्या एका लोळात ढोबळमानाने एक अब्ज जूल, म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास युनिट ऊर्जा असते. पाच अश्वशक्तीचा एकच पंप तीन दिवस चालेल, इतकीच! त्यातीलही बराच भाग हवा तापविण्यात आणि गडगडाटात खर्ची पडतो. मात्र ती सारी १.२१ गिगावॅटच्या वेगाने वापरली, तर पुरता एक सेकंदही पुरणार नाही. मोटारीला तेवढेच हवे होते. म्हणूनच १२ नोव्हेंबर १९५५ च्या रात्री १० वाजून ४ मिनिटांनी घड्याळाच्या मनोऱ्यावर वीज पडते, तो क्षण चुकवून चालणार नव्हते.