सहीचा नाद, पत्रांचा बाजार

स्वाक्षरीच्या वहीचे कूळ शोधत गेले की वाट जर्मनीतल्या विटेनबर्ग विद्यापीठापाशी पोहोचते. सोळाव्या शतकाच्या मध्यावर तिथले विद्यार्थी ल्यूथर, मेलांख्थोन अशा गुरूंकडून वहीत चार ओळी लिहून घेत. या वहीला ‘श्टामबुख’ म्हणत. गावोगाव शिकत हिंडणारा विद्यार्थी ती जवळ बाळगी. परक्या गावी तीच त्याची ओळख. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनेही अशा वह्यांत लिहून दिले आहे.

लिहिणारा हयात, मागणारा पुढ्यात उभा. त्यात खोटेपणाला वाव कमी. एकोणिसाव्या शतकात हस्ताक्षरांचे लिलाव होऊ लागले, दिवंगतांच्या पत्रांना भाव आला आणि भावामागोमाग चोरही आले.

त्यातला सर्वांत नामांकित चोर गणितज्ञ निघाला. इटलीतून पॅरिसला आलेल्या गुग्लिएल्मो लिब्रीला १८४१ मध्ये फ्रान्समधल्या ग्रंथालयांतील हस्तलिखितांची सूची करणाऱ्या समितीचे सचिवपद मिळाले. मग कुंपणानेच शेत खाल्ले. तत्त्वज्ञ देकार्तची पत्रेही त्याने लांबवली. १८४८ मध्ये पेटारेच्या पेटारे घेऊन तो इंग्लंडला पळाला. दोन वर्षांनी झालेली दहा वर्षांची शिक्षा ऐकायला आरोपी हजर नव्हता.

लिब्रीने पत्रे चोरली. देनी व्रँ-ल्युकाने ती सरळ लिहूनच काढली. त्याचे गिऱ्हाईकही गणितज्ञच, भूमितीतला मोठा माणूस: मिशेल शाल. एका उमरावाचा संग्रह जहाजासोबत बुडाला होता, त्यातून ही पत्रे वाचली, अशी थाप व्रँ-ल्युकाने मारली. कागद का डागाळले, याचे उत्तर त्यात आपोआप मिळे. कागद मात्र जुन्या पुस्तकांची कोरी पाने फाडून आणलेले. १८६१ पासून आठ वर्षांत शालने सत्तावीस हजारांहून अधिक पत्रे घेतली आणि एक लाख चाळीस हजारांच्या आसपास फ्रँक मोजले. त्यांत क्लिओपात्रा सीझरला लिहिते, बायबलातला लाझारसही लिहितो, आणि सगळे फ्रेंचमध्ये! इतके होऊनही शालला शंका आली नाही.

१८६७ मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे पास्कलची पत्रे ठेवली. गुरुत्वाकर्षणाचा नियम न्यूटनआधी पास्कलला सापडला होता, असे त्यांतून दिसत होते. फ्रेंच अभिमान सुखावला. पण १६५४ मध्ये पास्कल ज्या न्यूटनशी शास्त्रचर्चा करताना दिसतो, तो तेव्हा अकरा वर्षांचा पोर होता. ग्लासगोचे खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रँट यांनी तर पत्रांतले आकडेच धरले. ते न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’च्या १७२६ सालच्या तिसऱ्या आवृत्तीतले होते, आणि पास्कल वारला १६६२ मध्ये. अक्षर कितीही हुबेहूब असो, आकड्यांनी चुगली केली. १८७० मध्ये व्रँ-ल्युकाला दोन वर्षांची कैद झाली.

इकडे खरे पत्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. देकार्तने २७ मे १६४१ रोजी आपला मित्र मर्सेन याला लिहिलेले, लिब्रीने पळवलेले एक पत्र हातोहात फिरत अमेरिकेतल्या हॅवरफर्ड कॉलेजात गेले. तिथे ते १९०२ पासून पडून होते. एका डच अभ्यासकाच्या नजरेस पडले तेव्हा त्यात देकार्तच्याच ‘मेडिटेशन्स’ या ग्रंथाच्या छपाईची बोलणी निघाली. २०१० मध्ये कॉलेजने ते पॅरिसला परत केले.