दिव्यांग व्यक्तींसाठी खेळ आणि विरंगुळा : सुरुवात कशी करावी?

दिव्यांग मुलाला खेळायला पाठवावे का, असे पालक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा पडण्याची, लागण्याची किंवा कुणी चिडवेल याची भीती असते. भीती रास्त आहे, पण घरात बसून राहण्याचेही दुष्परिणाम आहेत. वजन वाढते, सांधे आखडतात, बद्धकोष्ठता होते, झोप बिघडते, चिडचिड वाढते. विशेष शाळा संपल्यावर, साधारण अठराव्या वर्षानंतर, हा धोका सर्वांत जास्त असतो. मुलगा घरी बसतो आणि त्याच्याबरोबर त्याची आईही घरात अडकते. त्यामुळे डॉक्टरांना "खेळू द्यावे का?" असे न विचारता "कोणता खेळ, कसा?" असे विचारा.

किती हालचाल हवी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिव्यांग मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे आणि प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल हवी. सुरुवातीला दहा मिनिटेही चालतात. थोडी हालचाल अजिबात नसण्यापेक्षा चांगलीच.

खेळ हा उपचाराचाच भाग

मूळचे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले. पोहणे त्यांनी उपचाराचा भाग म्हणून सुरू केले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे पॅरालिम्पिकचे सुवर्णपदक जिंकले. कोल्हापूरचे पॅरा जलतरणपटू स्वप्नील पाटील यांना २०२२ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तुमच्या मुलाने पदक आणायलाच हवे असे नाही. आठवड्यातून दोनदा घराबाहेर पडून चार लोकांत मिसळणे, हेही मोठे यश आहे.

आधी काय तपासावे?

- डाउन सिंड्रोम : हृदयाची तपासणी झाली आहे ना, ते पाहा. मानेचे मणके सैल असू शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी, सूर मारणे आणि कुस्ती नको.
- फिट्स : पाण्यात असताना पोहता येणारी एक व्यक्ती फक्त याच्याकडेच लक्ष ठेवून हवी. गोळी चुकवू नका.
- मणक्याची इजा, व्हीलचेअर : खेळानंतर बैठकीची कातडी पाहा. अर्ध्या तासात न जाणारी लाली ही जखमेची सुरुवात असते. घाम कमी येत असल्यास उन्हाची वेळ टाळा.
- स्वमग्नता : गोंगाट सहन होत नसेल तर गर्दी नसलेली वेळ निवडा. पहिल्या दिवशी फक्त जागा दाखवून आणा.
- सेरेब्रल पाल्सी : फिजिओथेरपिस्टकडून खेळताना बसण्याची योग्य पद्धत शिकून घ्या.

कोल्हापुरात कुठे विचारावे?

नसीमा हुरजूक स्वतः व्हीलचेअर वापरत. त्यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये सुरू झालेली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था शारीरिक दिव्यांगांसाठी काम करते. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी शेंडा पार्कमधील 'चेतना' संस्था आहे. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या 'स्पेशल ऑलिम्पिक्स भारत'च्या स्पर्धांत आठ वर्षांपासून भाग घेता येतो. त्याबद्दल मुलाच्या विशेष शाळेत विचारा. संस्था लांब असेल तर रंकाळ्यावर सकाळी फेरी, गल्लीत कॅरम, भजनी मंडळात टाळ धरणे यापासूनही सुरुवात होते.

हक्क लक्षात ठेवा

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. त्यातील कलम २९ मनोरंजनाबद्दल आणि कलम ३० खेळांबद्दल आहे. सवलती आणि स्पर्धांसाठी युडीआयडी कार्ड उपयोगी पडते. ते काढले नसल्यास ऑनलाइन अर्ज करा.

लगेच थांबून डॉक्टरांना कधी दाखवावे?

छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, शुद्ध हरपणे किंवा फिट येणे. डाउन सिंड्रोममध्ये मान दुखणे, चाल बदलणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे. मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातील मणक्याला इजा असलेल्याचे डोके अचानक ठणकू लागले आणि चेहरा लाल झाला, तर रक्तदाब धोकादायकरीत्या वाढलेला असू शकतो. त्याला सरळ बसवा, लघवीची नळी अडकली आहे का ते पाहा आणि ताबडतोब रुग्णालयात न्या.