मूळ आणि विस्तार : ‘पोकेमॉन’चा दाखला

करमणुकीच्या कृतीचे अन्य माध्यमांतील विस्तार म्हणजे मुळाची केवळ अनुकृती होय, असा सर्वसाधारण समज आहे. ‘पोकेमॉन’च्या इतिहासाने त्यास बाध येतो. सातोशी ताजिरी यांच्या कल्पनेतून जन्मलेला हा व्हिडिओ खेळ जपानात फेब्रुवारी १९९६ मध्ये निघाला. त्याच वर्षी पत्त्यांचा खेळ, एप्रिल १९९७ मध्ये दूरचित्रवाणी-मालिका व जुलै १९९८ मध्ये चित्रपट आला. मूळ खेळाच्या आरंभी तीन प्राण्यांतून एक निवडावा लागे. पिकाचू त्यांत नव्हता. मालिकेने त्यास नायकाचा सोबती केले आणि सप्टेंबर १९९८ मधील नव्या आवृत्तीत तोच खेळाडूचा पहिला सोबती ठरला. सारांश, येथे विस्तारानेच मुळाला वळण दिले. म्हणून कर्तृत्वाचे श्रेय एकट्या मूळ कर्त्यास देणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरते.