एक बर्थ, अनेक खिडक्या

गणपती किंवा दिवाळीला निझामुद्दीनहून गोवा एक्सप्रेसचे आरक्षण मिळवणे म्हणजे काय, हे दिल्लीतील मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. त्या तिकिटामागे प्रशासनाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे : एकच वस्तू अनेकांनी एकाच क्षणी मागितली, तर ती कोणाला द्यायची?

संगणकापूर्वी गाडी आणि तारीख यांनुसार नोंदवह्या असत. नोंदवही एका वेळी एकाच कारकुनाच्या हाती असल्याने तीच कुलपाचे काम करी. मात्र रांगा लांबत आणि गाडीगणिक खिडकी बदलावी लागे.

१९८५ साली नवी दिल्लीत संगणकीकृत आरक्षण सुरू झाले. पुढच्याच वर्षी रेल्वेने दिल्लीत 'क्रिस' ही संस्था स्थापली. आता कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. म्हणजेच अनेक हात एकाच नोंदीपर्यंत पोहोचले. दोन खिडक्यांनी 'बर्थ रिकामा' असे एकदमच वाचले, तर तो दोघांना दिला जाण्याचा धोका असतो. म्हणून नोंद वाचणे आणि बदलणे ही एकच अखंड क्रिया मानून तेवढा वेळ ती इतरांसाठी बंद ठेवावी लागते.

२००२ साली तिकीट इंटरनेटवर आले आणि प्रश्नाला नवे वळण मिळाले. वेबची मूळ रचना विसराळू आहे; एका पानावरून दुसऱ्यावर गेलेला माणूस तोच, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. त्यासाठी प्रत्येकाला एक ओळखक्रमांक दिला जातो. हेच 'सेशन'. सर्व्हरमध्ये एकच आज्ञावली अनेक 'थ्रेड' एकाच वेळी चालवतात. प्रवाशाचे नाव त्यांच्या सामाईक जागेत ठेवले, तर एकाचा तपशील दुसऱ्याच्या पानावर उमटू शकतो. तेव्हा खासगी ते सेशनमध्ये आणि सामाईक ते कुलपात, तेही क्षणभरच, हा नियम.

क्षणभरच का? पैसे भरेपर्यंत बर्थ अडवून ठेवला, तर अर्ध्यातून उठून गेलेला माणूस इतरांची वाट रोखेल. म्हणून आधी पैसे, मग बर्थ. परिणामी कधी पैसे जातात, तिकीट मिळत नाही आणि परताव्याची वाट पाहावी लागते. या निवडीची ही किंमत आहे.

एप्रिल २०१४ मधील नव्या प्रणालीने मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर नेली. वेग महत्त्वाचा खराच; पण कोणाचीही ओळखपाळख नसलेल्या माणसाचाही क्रम चुकू नये, ही व्यवस्थेची खरी कसोटी. ते वचन पूर्वी नोंदवही पाळत असे. आता ते आज्ञावलीने पाळायचे आहे.