भातालाच तण ठरवले तेव्हा

आमच्या भागात उसाच्या फडात 'टू-फोर-डी' मारतात. रुंद पानांचे तण पिळवटून मरते, ऊस तसाच उभा राहतो. शेतकरी त्याला औषधच म्हणतो. व्हिएतनाम युद्धाचा इतिहास वाचताना हेच नाव समोर आले आणि आम्ही थबकलो.

'एजंट ऑरेंज'मध्ये साधारण निम्मे टू-फोर-डी होते, निम्मे टू-फोर-फाइव्ह-टी. हे दुसरे रसायन तयार होताना डायॉक्सिन नावाचे जहाल विष त्यात उतरे. पिंपांवर नारिंगी पट्टा असे, म्हणून हे नाव.

ही कल्पना मूळची अमेरिकेची नव्हे. १९५०च्या दशकात इंग्रजांनी मलायात कम्युनिस्ट बंडखोरांविरुद्ध अशीच रसायने वापरली होती. नोव्हेंबर १९६१ मध्ये परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडींना त्याच उदाहरणाचा दाखला दिला. एका साम्राज्याचा पायंडा दुसऱ्याच्या कामी आला! १९६२ ते १९७१ या काळात दक्षिण व्हिएतनामवर सात कोटी लिटरहून अधिक तणनाशके फवारली गेली.

जंगल झोडपायचे, कारण त्यात गनिमी सैनिक लपतात. ते एक वेळ समजते. पण निळ्या पट्ट्याच्या पिंपांतले आर्सेनिकयुक्त रसायन खास भातशेतीसाठी होते. गनिमांची रसद तोडायची, हा हेतू. आता खाचरातला भात आधी कोण खातो? ज्याने लावणी केली तो, त्याची बायकापोरे. डायॉक्सिन मिसळले ते कारखान्यातल्या हलगर्जीने, असे म्हणता येईल; भात जाळणे हा तर ठरवून केलेला बेत होता. आम्हाला हीच गोष्ट अधिक बोचते.

पाने पुन्हा फुटली, विष गेले नाही. जिथे पिंपे साठवली त्या विमानतळांजवळच्या गाळात ते राहिले. गाळातून मासळीत, बदकांत, माणसाच्या चरबीत आणि आईच्या दुधात गेले. दा नांगच्या विमानतळावरची माती खोदून, तीनशे अंशांहून अधिक तापवून शुद्ध करावी लागली. ते काम २०१८ साली संपले. बिएन होआचे त्यानंतर, २०१९ मध्ये, सुरू झाले.

आणि भरपाई? १९८४ मध्ये रसायन कंपन्यांनी अमेरिकन माजी सैनिकांशी १८ कोटी डॉलरची तडजोड केली. १९९१ च्या कायद्याने त्या सैनिकांच्या काही आजारांचा संबंध या फवारणीशी आहे, असे गृहीत धरले. पिंप तेच. व्हिएतनामी पीडितांचा दावा मात्र २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फेटाळला. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात तणनाशकांना बंदी नव्हती, असे कारण दिले. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यासही नकार दिला.

त्रान तो न्गा या तरुणपणी वार्ताहर होत्या. युद्धात त्यांच्या अंगावर ही फवारणी पडली. त्यांची पहिली मुलगी हृदयाच्या दोषाने तान्हेपणीच गेली. २०१४ मध्ये त्यांनी फ्रान्समध्ये कंपन्यांवर दावा लावला. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला: कंपन्यांनी अमेरिकी सरकारच्या हुकमावरून माल पुरवला, म्हणून त्यांच्यावर खटला चालत नाही. त्या वेळी त्यांचे वय ८२ होते.