तपकिरी रंगाचा पाठ

युद्धेतिहासाच्या सचित्र पुस्तकांकडे साहित्याचे अभ्यासक सहसा फिरकत नाहीत. रणगाड्यांच्या १:३५ प्रमाणातील प्रतिकृती बांधणाऱ्या हौशी मंडळींचे मात्र ते संदर्भग्रंथच; कोणता रंग द्यावा, हे ती त्यांतील रंगीत चित्रांवरून ठरवतात. आम्हांला ही चित्रे पुराव्यापेक्षा भाष्याच्या जातीची वाटतात.

१९३९ साली पोलंडमध्ये शिरलेले जर्मन रणगाडे घ्या. कित्येक दशके पुस्तकांनी ते सरसकट गडद करडे रंगवले, आणि प्रतिकृतीही तशाच निघाल्या. पुढे थॉमस जेन्ट्झ आणि हिलरी डॉयल या संशोधकांनी मूळ लष्करी आदेश तपासले. त्यांनुसार करड्यावर सुमारे एकतृतीयांश भागात गडद तपकिरी पट्टे असायला हवे होते. निव्वळ करड्याचा आदेश निघाला तो ३१ जुलै १९४० रोजी! कृष्णधवल छायाचित्रांत हे दोन्ही गडद रंग जवळजवळ एकरूप होतात. (रस्त्यांवरच्या धुळीनेही आपला हातभार लावलाच असणार.)

पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. मूळ संहिता अस्पष्ट, म्हणून टीकाकाराने एक वाचन सुचवले. पुढच्यांनी संहिता न पाहता टीकेवरूनच टीका उतरवली. त्यात प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींची भर पडली, आणि पाठ रूढ झाला. चित्रकाराला दोष देणे आम्हांला योग्य वाटत नाही. रंग भरताना त्याला संदिग्ध राहण्याची मुभाच नसते. छायाचित्राखालच्या ओळीत ‘बहुधा’ लिहिता येते, कुंचल्याने ते लिहिता येत नाही.

छायाचित्रे आजही तीच आहेत. जाणकार आता त्यांतल्याच काही स्पष्ट प्रतींत तपकिरी पट्ट्यांच्या कडा बोट ठेवून दाखवतात.